बंबाच्या रजिस्टरमधलं अठ्ठ्याऐंशीवं पान

रेवा आणि कबीर,

रेवाने शाळेत लिहिलेला निबंध तुमच्या बाबाने परवा मला फोनवर पाठवला. विषय ‘माझी आजी, जिने जळतं विमान वाचवलं’. शिक्षिकेने खाली सोनेरी तारा चिकटवला आहे. मी तो चष्मा लावून दोनदा वाचला आणि फोन पालथा ठेवला. निबंधात एकही वाक्य खोटं नाही. पण त्यातून एक पान गळलेलं आहे, आणि ते रेवाने गाळलेलं नाही, मी गाळलं आहे. तुमच्या बाबालाही ते माहीत नाही. मी आता सत्त्याहत्तर वर्षांची आहे. माझ्यामागे हा निबंधच खरा ठरेल, या विचाराने मला धक्का बसला, म्हणून लिहायला घेतलं.

हे मी इंग्रजीतून लिहू शकले असते. माझी शाळा मिशनची, आणि ऑफिसात माझ्या इंग्रजी मसुद्यांचं नाव होतं. पण यातली माणसं इंग्रजी बोलत नव्हती. मी एकदा त्यांना इंग्रजीत हुकूम लिहून दिला, त्यातूनच हे सगळं झालं. बाबाने वाचून दाखवावं, आणि अडेल त्या शब्दाला थांबून अर्थ सांगावा. इथल्या एका दिवाळी अंकालाही मी हेच देणार आहे, कारण इथेही अजून लोक मला ‘विमानवाल्या बाई’ म्हणून नमस्कार करतात.

तुम्ही सुट्टीत उतरता ते विमानतळ डोळ्यांसमोर आणू नका. आमचं निराळं होतं. कोल्हापुरातल्या राजारामपुरीतल्या आमच्या घरापासून एस्टीने तासभर, कर्नाटकाच्या सीमेच्या बाजूला एक उघडा माळ. त्यावर एक आखूड धावपट्टी, पत्र्याची शेड, दोन खोल्यांचं ऑफिस आणि खांबावर वाऱ्याची दिशा दाखवणारी लांबट कापडी पिशवी. सगळे त्याला नुसतं ‘माळ’ म्हणत. आठवड्यातून दोन-तीन लहान विमानं यायची. कधी कारखान्याचे लोक, कधी पुढारी, कधी शिकाऊ वैमानिक. तुमचे आजोबा गेल्यावर मी नोकरीत शिरले, आणि काही वर्षांनी त्या ऑफिसची अधीक्षक झाले. म्हणजे सगळे कागद, सगळी रजिस्टरं आणि सगळ्या किल्ल्या माझ्याकडे.

आणि एक बंब. आग विझवणाऱ्या लाल मोटारीला आम्ही बंब म्हणतो. कुठल्या तरी शहराने वापरून दिलेला तो जुना बंब होता. तुम्ही चित्रात पाहता तशी टपावर पाणी फेकणारी तोफ त्याला नव्हती. पोटात पाण्याची टाकी, मागे पितळी तोंड, त्या तोंडाला कापडी पाईप जोडायचा आणि माणसाने हातात धरून आगीपर्यंत न्यायचा. विमानाच्या पंखांत इंधन असतं. इंधनाच्या आगीवर नुसतं पाणी मारलं तर ती पसरते, म्हणून पाण्यात एक द्रव मिसळून फेस करायचा आणि आगीवर त्याची गोधडी पांघरायची. त्या काळी तो द्रव जनावरांच्या खुरा-शिंगांपासून बनायचा. दिसायला थेट काकवी. एकदा एका पुढाऱ्याबरोबर आलेल्या पावण्यांनी शेडमधला डबा उघडून बोट बुडवलं आणि चाटलं. पुढचा तासभर ते नळाखाली होते. “गुऱ्हाळ न्हवं पावणं ह्ये,” एवढंच धोंडीराम त्यांना म्हणाला.

धोंडीराम हा बंबाचा मुख्य जवान. उंच, हाडाचा, मिशा पांढरट. त्याच्या हाताखाली सिद्धाप्पा, सीमेपलीकडच्या गावचा, मला ‘अक्का’ म्हणणारा. आणि इस्माईल ड्रायव्हर. बस, एवढंच आमचं अग्निशमन दल. त्यांच्याकडे माणसं कसल्या कसल्या कामाला यायची! एका शेतकऱ्याने दोन दिवस ऑफिसच्या पायरीवर बसून हट्ट धरला होता, की बंबाने त्याच्या उसाला एक पाणी द्यावं. “तुमचं इमान मंगळवारी येतंया. तवर ह्यो उभाच हाय की नुसता!” तो म्हणाला. धोंडीरामने त्याला शांतपणे सांगितलं, “म्हस बी दिवसभर उभीच असती. म्हणून दुसऱ्याची धार काडतोस व्हय?”

त्याचं म्हणणं असं, की बंबाचं काम उभं राहणं हेच आहे. विमान पेटलं तर हातात जेमतेम तीन मिनिटं. त्या तीन मिनिटांसाठी तीन वर्षं उभं राहायचं, आणि ती मिनिटं कधी आलीच नाहीत तर नोकरी चांगली झाली म्हणायचं.

आता मुख्य वस्तू सांगते. पाईपाच्या टोकाला आणि बंबाच्या तोंडाला पितळी जोड असतात. त्यांना कपलिंग म्हणतात. बंबाच्या तोंडातल्या कपलिंगमध्ये आतल्या बाजूला दोन स्प्रिंगचे खटके असतात, दाण्यांएवढे. पाईपाचं टोक आत ढकललं की खटके मागे सरतात आणि मग पुढे येऊन त्याला धरतात. तेव्हा आवाज येतो : खट्. धोंडीरामची रोजची सकाळची तपासणी म्हणजे तो आवाज. दरेक पाईप जोडायचा, खट् ऐकायचं, सोडवायचा. मग माझ्याकडे येऊन म्हणायचा, “समदं बराबर हाय बाई,” आणि मी रजिस्टरमध्ये त्या तारखेपुढे तपासणीच्या रकान्यात सही करायची. ती रजिस्टरं माझा अभिमान होती. नवी रजिस्टरं आल्या आल्या मी त्यांच्या दरेक पानावर क्रमांक घालत असे, शाईने, उजव्या कोपऱ्यात. एक रकाना रिकामा गेलेला मला खपत नसे.

त्या वर्षी दसऱ्याच्या आधी वरून एक परिपत्रक आलं. आगीच्या साहित्यावर ओळखीसाठी पिवळा पट्टा रंगवावा, आणि दसऱ्यानंतर तपासनीस येऊन पाहतील. पट्टा. एवढंच म्हटलं होतं. पण मी शेडमध्ये जाऊन पाहिलं तर कपलिंगं कुठे काळवंडलेली, कुठे घासून पिवळीधमक. त्यावर पट्टा म्हणजे मला ठिगळ वाटलं. अर्धवट काम मला तेव्हा आवडत नव्हतं. अजूनही फारसं आवडत नाही. मी जागेवर परतले आणि बंबाच्या रजिस्टरमध्ये, अठ्ठ्याऐंशीव्या पानावर, हुकूम लिहिला. इंग्रजीत, सवयीने. सर्व कपलिंगं संपूर्ण पिवळ्या रंगाने रंगवावीत, खंडेनवमीच्या आत. खाली सही.

इस्माईलला थोडं इंग्रजी वाचता येई. त्याने वाचून दाखवलं. थोड्या वेळाने धोंडीराम दारात आला. मी खाली मान घालून काहीतरी लिहीत होते.

“बाई, कपलिंगं रंगवायची म्हंजी भायरनंच न्हवं?”

“कागदावर काय लिहिलंय?”

“इस्माईल म्हनतोय, समदी, आक्खी.”

“मग समदी, आक्खी.”

तो जाईना. “आत खटकं हाईत बाई.”

मी वर पाहिलं नाही. “धोंडीराम, मी लिहिलंय ना?”

“व्हय जी,” तो म्हणाला आणि गेला.

इतकंच झालं. आवाज चढला नाही, कुणी कुणाला बोललं नाही. एखादा कडक अधिकारी असता तर कदाचित धोंडीराम वाद घालत बसला असता. पण बाई शिकलेल्या, बाईंनी वरचा कागद वाचलेला, बाईंचं आजवर चुकलेलं नाही. म्हणून ज्याच्या हाताला तीस वर्षं खटक्यांची ओळख होती, त्याने हाताचं ऐकलं नाही, माझ्या अक्षराचं ऐकलं. तिघांनी दोन दिवस बसून आतून-बाहेरून ऑईलपेंट मारला. चांगला दाट, दोन हात.

खंडेनवमी तुम्हाला ठाऊक नसेल. दसऱ्याच्या आदल्या दिवशी आमच्याकडे माणूस ज्या हत्यारावर पोट भरतो त्याची पूजा करतो. शेतकरी नांगराची, सुतार करवतीची, आणि आम्ही बंबाची. त्या दिवशी विमान नसे. बंब धुवायचा, झेंडूच्या माळा घालायच्या, दोन्ही बाजूंना ऊस बांधायचे, पाईप आणि कपलिंगं पुढे चादरीवर मांडायची, प्रत्येकाला कुंकवाचं बोट. नारळ इस्माईल फोडायचा, दरवर्षी, तो त्याचा मान. चाकापुढे लिंबू. आणि एकदा पूजा झाली की हत्यार दुसऱ्या दिवशीपर्यंत हलवायचं नाही. त्या दिवशी सकाळची तपासणी झाली नाही. आदल्या दिवशीही नाही, रंग ओला होता म्हणून. रकाने मात्र रिकामे राहिले नाहीत. दोन्ही दिवशी मी सही केली. बंब तर समोरच उभा होता, इतका देखणा तो कधीच दिसला नव्हता.

प्रसाद वाटून झाला होता. मी घरी निघायच्या तयारीत होते, एवढ्यात रेडिओवर आवाज आला. एक लहान विमान, दोन इंजिनांचं, आत सहा माणसं, दुसरीकडे ढगांमुळे उतरता येईना म्हणून आमच्याकडे वळतंय. ब्रेकचा काहीतरी त्रास आहे. पंधरा मिनिटांत पोचतील.

मी शेडकडे धावले आणि सांगितलं. तिघे बंबाकडे पाहत राहिले. सिद्धाप्पा म्हणाला, “अक्का, पूजा झाल्याय.”

धोंडीरामने टोपी काढून बंबाला हात जोडले. “माफी असावी देवा, उद्याच्याला दुसरा नारळ देतो,” असं म्हणून त्याने चादरीवरचे पाईप उचलून आत टाकायला सुरुवात केली. “इस्माईल, काड भायेर. लिंबवावरनं जाऊ दे.”

बंब माळा आणि उसांसकट धावपट्टीच्या कडेला जाऊन उभा राहिला. दूरवरून तो लग्नाच्या वरातीसारखा दिसत होता. मी मागोमाग पळत गेले. मी जायचं काही कारण नव्हतं, माझं काम फोनपाशी होतं.

विमान उतरलं, धावलं, आमच्या आखूड पट्टीच्या टोकाला कसंबसं थांबलं, आणि उजव्या चाकाखाली केशरी जीभ दिसली. तापलेल्या ब्रेकवर तेल गळलं होतं. चाकाच्या बरोबर वर पंख, आणि पंखात इंधन. डावीकडचं दार उघडून माणसं उड्या मारायला लागली. एक बाई दारात अडकली होती. मागच्या आसनावर एक म्हातारे गृहस्थ बसूनच होते, त्यांना उठता येत नव्हतं.

धोंडीरामने पाईप बंबाच्या तोंडात ढकलला. मी चार पावलांवर होते. इंजिनाचा आवाज होता, माणसं ओरडत होती, तरी मला जे ऐकू यायला हवं होतं ते आलं नाही हे मला समजलं. खट् झालं नाही. त्यालाही समजलं असणार. त्याने एकदा माझ्याकडे पाहिलं. ती नजर मी अजून कुठे ठेवावी हे मला कळलेलं नाही. मग त्याने दोन्ही हातांनी जोड आवळून धरला, छातीशी घेतला, आणि ओरडला, “सोड पाणी!”

इस्माईलने पंप सोडला. पाईप फुगला, ताठ झाला, आणि त्याचं पितळी टोक सुटून उसळलं. दाबाखाली सुटलेला पाईप कसा वागतो हे मी पुस्तकात वाचलं होतं. पाहिलं तेव्हा मला काही कळायच्या आत ते टोक धोंडीरामच्या जबड्यावर बसलं होतं. नारळ फुटावा तसाच आवाज झाला. तो बसला, मग आडवा झाला. तोंडातून रक्त आणि दात. सगळं पाणी मातीत चाललं होतं. इस्माईलने पंप बंद केला आणि स्टिअरिंगला धरून तसाच थिजला.

सिद्धाप्पा पावडरचे लाल सिलिंडर घेऊन चाकाकडे धावला. एक रिकामा होईपर्यंत आग दबे आणि पुन्हा उठे. त्याच्याजवळ असे तीनच होते.

इथून रेवाचा निबंध सुरू होतो. आजी बंबाजवळ गेली, तिने केसातला आकडा काढला, बंबाच्या तोंडात घातला, काहीतरी केलं आणि पाणी सुरू झालं. बरोबर आहे. मी अंबाड्यातला आकडा काढला, आणि त्या दोन खटक्यांभोवतीचा पिवळा रंग खरवडला. रंग वाळून सरसासारखा झाला होता, स्प्रिंगच्या फटीत बसला होता. एक खटका सुटला. दुसरा सुटेना. माझं नख उपटलं. मी आकडा दातात धरून सरळ केला आणि पुन्हा घातला. मागून सिद्धाप्पा ओरडत होता, “अक्का, शेवटचा हाय! शेवटचा!” दुसराही सुटला. मी पाईपाचं टोक उचललं, आत ढकललं, खट् झालं. इस्माईलने पंप सोडला, सिद्धाप्पाने नळी धरली आणि चाकावर फेस पडायला लागला. आग विझली. ती बाई बाहेर आली, म्हाताऱ्या गृहस्थांना दोघांनी उचलून काढलं. पंखाची खालची बाजू काळी पडली होती, एवढंच.

दुसऱ्या दिवशी ही गोष्ट गावोगाव पसरली. अधीक्षक बाईंनी केसातल्या आकड्याने बंब दुरुस्त केला. वर्तमानपत्रात माझा फोटो आला. ते कात्रण तुमच्या घरी भिंतीवर लावलेलं आहे. तुमचा बाबा तेव्हा पुण्यात हॉस्टेलवर होता. त्याने सगळ्या मुलांना पेढे वाटले. माझ्या सत्काराला माळावर गावातली माणसं आली. शाल, नारळ. बाईंनी प्रसंगावधान दाखवलं, असं सगळे म्हणाले.

बाईंना नेमकं कुठे खरवडायचं ते कसं कळलं, हे मात्र कुणीही विचारलं नाही.

तिसऱ्या दिवशी चौकशीला अधिकारी आले. सभ्य, हळू बोलणारे गृहस्थ. त्यांनी पहिलाच प्रश्न विचारला, की कपलिंगं आतून कुणी रंगवायला सांगितली. मी म्हणाले, “रजिस्टर आणते.” खरं सांगते, तेव्हा माझ्या मनात लपवायचं नव्हतं. रजिस्टर आणलं, त्यांच्यापुढे उघडलं. सत्त्याऐंशी. त्यानंतर एकोणनव्वद.

मी कोपऱ्यातले क्रमांक पुन्हा पाहिले. माझ्या रजिस्टरमधलं पान जावं! शिवणीपाशी कुणीतरी पट्टी लावून, नीट, सरळ फाडलं होतं. अधिकाऱ्यांनी क्रमांक पाहिले नाहीत. त्यांनी रजिस्टर मिटलं आणि पिशवीतून एक कागद काढला. ते आधी दवाखान्यात जाऊन आले होते. धोंडीरामचा जबडा तारेने बांधला होता, बोलता येत नव्हतं, म्हणून त्याने लिहून दिलं होतं. शाळेत चौथीपर्यंत गेलेल्या माणसाचं मोठं मोठं अक्षर. ‘कपलिंगास रंग मी माझ्या मनाने लावला. कुणी सांगितले नव्हते. चूक माझी आहे.’

“म्हणजे प्रश्न मिटला,” अधिकारी म्हणाले. “तुमचं काही म्हणणं?”

मी म्हणाले, “नाही.”

तुम्हाला कारण हवं असेल. कारण होतं. मी एकटी होते. तुमच्या बाबाचं शेवटचं वर्ष राहिलं होतं, त्यानंतर त्याला परदेशी जायचं होतं, आणि माझ्या नोकरीशिवाय आमच्या घरात काही नव्हतं. हे सगळं खरं आहे. पण मला ‘नाही’ म्हणायला यातलं काही आठवावंसुद्धा लागलं नाही. ते आधीच तोंडातून गेलं होतं. ज्याचा धक्का मला अजून ओसरत नाही तो हाच. आग पाहून मी पळाले नाही, रक्त पाहून मी डगमगले नाही, आणि एका सभ्य माणसाच्या साध्या प्रश्नापुढे मी खोटी झाले.

मी इस्माईलला शेडमागे गाठलं. “पान तू फाडलंस?”

तो मान खाली घालून चाक पुसत राहिला. “दवाखान्यात न्हेताना धोंड्यानं खुणंनं सांगितलं, बाई. बोटानं हवेत आठ-आठ काढलं. रगत गळतंय तोंडातनं, आन् ह्यो आठ काढतोय. मी काय करू?”

“पान कुठाय?”

“त्यालाच दिलंय.”

धोंडीराम निलंबित झाला. नऊ दिवस गेले. मी रोज माळावर गेले, रोज रकान्यांत सह्या केल्या. दवाखान्यात एकदाच गेले, फळं ठेवली आणि तो झोपलेला आहे असं पाहून परत फिरले. तो झोपलेला नव्हता, हे मला माहीत होतं. त्यालाही माहीत होतं.

नवव्या दिवशी त्याची बायको तानाबाई ऑफिसात आली. नवऱ्याचा गणवेश सरकारी म्हणून परत करायला आली होती. धुऊन, घडी घालून आणला होता. तिला यातलं काही सांगितलेलं नव्हतं. तिने घडी टेबलावर ठेवली आणि म्हणाली, “एक इचारू बाई? राग नगा मानू.”

“विचारा.”

“माज्या मालकानं घरातल्या पितळंच्या समईला कदी चिंच सोडून काय लावू दिलं न्हाई. पितळंला रंग म्हंजी पाप म्हनायचा. त्यो मानूस खटक्यावर रंग मारंल व्हय? आपल्या मनानं?”

मी गणवेशाची घडी टेबलाच्या कडेला सरकवली.

“गावात म्हनत्यात, दारू पिऊन मारला आसंल. त्यानं उभ्या जल्मात घेतली न्हाई. पोरीचं सासरचं इचारायला लागल्यात. त्यास्नी काय सांगू, तेवडं तरी सांगा. तुमी शिकल्याल्या हाईसा.”

ती गेल्यावर मी कोरा कागद घेतला आणि लिहिलं. या वेळी मराठीत. एस्टी पकडून कोल्हापुरात आले आणि तो कागद अधिकाऱ्यांच्या हातात दिला. त्यांनी वाचून विचारलं, “ते पान कुठे आहे?”

“रजिस्टरमध्ये नाही. पण मजकूर मला पाठ आहे.” आणि मी तो त्यांच्यासमोर लिहून दिला, शब्द न् शब्द, क्रमांकासकट.

“नऊ दिवस का लागले?”

मी त्या मजकुराखाली सही केली.

धोंडीराम कामावर परत आला. माझी अधीक्षकाची खुर्ची गेली आणि सेवापुस्तकात ठपका लागला. शिक्षा म्हणून बदली करणार होते, पण माळ हीच आमच्या खात्यातली शिक्षेची जागा होती, मला आणखी कुठे पाठवणार? मी तिथेच साधी कारकून म्हणून निवृत्तीपर्यंत राहिले. वर्तमानपत्रात यातलं काही आलं नाही. कात्रण मात्र भिंतीवर राहिलं, आणि तुमच्या बाबाने दर वेळी गोष्ट सांगितली, आणि मी दर वेळी चहा ओतला.

धोंडीराम परतला त्या सकाळी ऑफिसातला फोन वाजला. शेडमधून होता. वाकड्या जबड्यातून त्याचे शब्द नीट निघत नव्हते. “आयका बाई,” तो म्हणाला, आणि फोन कशाजवळ तरी नेला. खट्. थोडा वेळ. पुन्हा खट्. सगळे पाईप झाल्यावर म्हणाला, “आता करा सही.” निवृत्त होईपर्यंत त्याने असंच केलं, आणि त्यानंतर सिद्धाप्पाने. तो आवाज कानाने ऐकल्याशिवाय मी पुन्हा कधी रकाना भरला नाही. तपासणी न झालेल्या कितीतरी तारखा तशाच रिकाम्या गेल्या, आणि मी त्या जाऊ दिल्या.

निबंध वाचला त्याच आठवड्यात मी धोंडीरामच्या गावी गेले. तो आता ऐंशीच्या पुढे आहे. तानाबाई आहे. भाकरी दुधात कुस्करून खातो, आणि कुणी विचारलं तर सांगतो, दात इमानानं नेलं. मी त्याला म्हणाले, “धोंडीराम, नातवंडांना सगळं लिहिणार आहे. छापणार आहे. चालेल?”

“लिवा की! माजा फोटू टाका म्हंजी झालं. तोंड मिटल्याला.”

“तेव्हा मी नऊ दिवस गप्प बसले.”

“म्हाईत हाय की. मी मोजत हुतो,” तो म्हणाला. त्यात राग नव्हता, आणि माफीही नव्हती.

मग त्याने तानाबाईला देवांच्या फोटोंमागे हात घालायला सांगितलं. तिने प्लास्टिकची एक पिशवी काढली. आत चार घड्या घातलेला कागद.

“तू हे जाळलं नाहीस?” मी विचारलं.

“सरकारी कागूद हाय बाई,” तो म्हणाला. “फाडला ह्योच लई मोटा गुन्हा झाला. जाळंल कोण?”

माळावर आता विमान उतरत नाही, धावपट्टीवर गवत आहे. बंब लिलावात गेला. इस्माईल गेला, सिद्धाप्पा मुलीकडे बेळगावला असतो. अठ्ठ्याऐंशीवं पान माझ्याकडे आहे. कपाटात, डावीकडचा वरचा कप्पा. घडीवर थोडं विरलंय, पण अक्षर स्पष्ट वाचता येतं, आणि खालची सही माझी आहे.

तुमची,
आजी